पिठाची मुदत

हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. दळलेल्या पिठाची ही मर्यादा दिगंबर परंपरेतील व्रती घरांत आजही पाळली जाते, आणि जेथे ती तितकी काटेकोरपणे पाळली जात नाही तेथेही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती ऐकलेली असतेच. मुदत उलटलेल्या पिठात जीवोत्पत्ती होते, म्हणून ते वापरावयाचे नाही, हा त्यामागील विचार. त्यामुळे पिठाचा डबा लहान असे, धान्य निवडून कोरडे करून ठेवलेले असे आणि गिरणीच्या फेऱ्या ऋतूप्रमाणे ठरलेल्या असत.

आज त्याच घराण्यांच्या दुकानांतील फळीवर जो माल असतो, त्यावर सहा महिन्यांची, नऊ महिन्यांची मुदत छापलेली असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सोय लहानसहान नव्हे. माल नासत नाही, परत जात नाही, भाव उतरला तरी थांबता येते. टिकाऊपणा हा व्यापारातील मोठा गुण आहे, याविषयी वाद असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, जे पीठ तीन दिवसांत टाकून द्यावे लागे त्याच धान्याचा पदार्थ नऊ महिने टिकावा यासाठी त्यातून काय काढून घेतले जाते, आणि काढून घेतलेल्या त्या वस्तूवाचून शरीराचे काय होते.

गव्हाच्या दाण्याचे ढोबळ मानाने तीन भाग असतात. वरचे कोंड्याचे आवरण, टोकाशी चिकटलेला इवलासा अंकुर आणि मधला पांढरा पिठूळ गाभा. अंकुरात तेल असते. दाणा अख्खा असेपर्यंत ते सुरक्षित राहते; दाणा फुटला की त्यास हवा लागते आणि पीठ हळूहळू खवट होऊ लागते. जात्यावर किंवा चक्कीवर दळलेल्या पिठात हे तिन्ही भाग एकत्र असल्याने ते टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि कोंडा व अंकुर सफाईने वेगळे काढून केवळ गाभ्याचे पीठ करणे स्वस्त झाले. तोच मैदा. तो शुभ्र दिसतो, मऊ लागतो, दूरच्या बाजारपेठेपर्यंत न बिघडता पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे विस्तृत कोष्टक प्रसिद्ध केले, त्यानुसार १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात ११ ग्रॅमहून थोडे अधिक तंतू असतात, तर तितक्याच मैद्यात पावणेतीन ग्रॅम. अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम, तर साल काढलेल्या मूगडाळीत ९ ग्रॅमच्या आसपास. जो भाग गुरांच्या दावणीत जातो तोच पोटास भरल्याची जाणीव देणारा, साखर रक्तात सावकाश उतरविणारा आणि कोठा साफ ठेवणारा असतो.

धान्याचे साल काढून टाकल्याने काय घडू शकते, याचा धडा जगाला जावा बेटावरील कोंबड्यांनी दिला. तेथे त्या काळी डचांचे राज्य होते आणि बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक व कैदी जर्जर झाले होते. पाय लटके पडत, हृदय थकत असे. ख्रिस्तियान आयकमान हे डच वैद्य या रोगाचा जंतू शोधीत असताना १८९०च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या तशाच लटपटू लागल्या. आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता उघड झाले ते असे. कोंबड्यांना मधल्या काळात लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा, सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणे त्यास मान्य नव्हते, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. एका हिशेबी आचाऱ्याच्या नियमनिष्ठेने वैद्यकास दिशा दाखविली, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानंतर जावामधील शंभरावर तुरुंगांची पाहणी झाली, तेव्हाही सडीक तांदूळ देणाऱ्या तुरुंगांतच बेरीबेरी प्रामुख्याने आढळली. कोंड्याबरोबर जाणारे ते द्रव्य म्हणजे पुढे ‘ब-१’ या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. आयकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही झाली अभावाच्या रोगाची कथा. आपल्या समाजापुढील आजचा प्रश्न अभावाचा नसून साठ्याचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या व्यापारी घरांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. कुटुंबाच्या एकत्र छायाचित्रात चाळिशीच्या आतील पुरुषांची पोटे मोजली तरी अंदाज येतो. दक्षिण आशियाई शरीराची ठेवण अशी की चरबी आधी पोटावर साठते. म्हणून आपल्याकडे पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. पाश्चात्त्य मोजमापापेक्षा ती बरीच आत आहे.

वजनाविषयी सर्वसाधारण समज असा की, हा केवळ जमाखर्चाचा मामला आहे. खाल्ले किती आणि खर्च किती झाले, बाकी उरली ती कमरेवर. तत्त्वतः हे खरेच आहे. परंतु जमेची बाजू माणूस ठरवून लिहीत नाही. ती भूक लिहिते. आणि भूक कोणत्या अन्नाने किती लवकर शमते, हा हिशेबाबाहेरचा वाटणारा मुद्दाच निर्णायक ठरतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. वह्या तपासण्याची सवय असलेल्या वाचकांनी तो मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. वीस स्त्री-पुरुषांना चार आठवडे संस्थेच्या इस्पितळातच ठेवण्यात आले. दोन आठवडे त्यांच्यापुढे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न ठेवले गेले आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीने शिजविलेले अन्न. काहींना आधी हे, काहींना आधी ते. दोन्ही ताटांतील उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू यांचा मेळ घातलेला होता. कारखानी अन्नात तंतू कमी पडत, म्हणून ते सरबतात वेगळे मिसळून आकडा जुळविला गेला. म्हणजे कागदावर दोन्ही खाती तंतोतंत सारखी. वाढलेले सर्व संपविलेच पाहिजे असे बंधन नव्हते; हवे तितके खावे, नको ते टाकावे, एवढीच सूचना. कारखानी अन्नाच्या पंधरवड्यात ती माणसे दररोज सरासरी ५०० उष्मांक अधिक खाऊन गेली. त्यांचे वजन सुमारे ९०० ग्रॅमने वाढले आणि साध्या अन्नाच्या पंधरवड्यात जवळजवळ तितकेच उतरले. कोणी कोणास आवरले नव्हते, कोणी उपाशी राहिले नव्हते.

दोन वह्यांतील नोंदी सारख्या असूनही शिल्लक वेगळी निघाली, तर हिशेबनीस प्रथम न लिहिलेल्या व्यवहाराचा शोध घेतो. येथे तसा एक व्यवहार हाती लागतो, तो म्हणजे वेळेचा. कारखानी अन्न मऊ असते, चावावे लागत नाही, म्हणून ती माणसे ते अधिक वेगाने खात होती. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात दुसरी पुडी फोडली जाते. १९७७ साली ब्रिटनमध्ये सफरचंदावर असाच प्रयोग झाला होता. अख्खे फळ, त्याचा लगदा आणि त्याचा रस, तिन्हींत साखर सारखीच. रस फळाच्या अकरापट वेगाने पोटात गेला आणि समाधान सर्वांत कमी त्यानेच दिले. पाहुण्यांपुढे फळाऐवजी रसाचा पेला ठेवण्याची जी प्रतिष्ठा आपल्याकडे वाढली आहे, तिचा विचार या प्रकाशात करावा.

अर्थात वीस माणसे आणि चार आठवडे यांवर सर्व भिस्त ठेवता येत नाही. २०२५ साली लंडनमध्ये ५५ जणांवर अधिक काळ, म्हणजे प्रत्येक आहार आठ आठवडे, असा प्रयोग झाला. त्यात दोन्ही आहार आरोग्याच्या सरकारी निकषांत बसणारे होते. वजन दोन्हींत उतरले, पण साध्या अन्नावर सुमारे दुप्पट उतरले. ‘कमी मिठाचे’, ‘जादा तंतूंचे’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या पाकिटांनाही साध्या ताटाची बरोबरी साधली नाही.

आता हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहावे. जैन घराचे ताट मुळात अशा अन्नाच्या फार जवळचे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, अख्खे मूग, मटकी, चवळी, कुळीथ, दुधी, दोडका, गिलके, तोंडली, ऋतूतील फळे. कंदमुळे वर्ज्य असल्याने जगभर वजन वाढविणारा तळलेला बटाटा आपल्या ताटात येण्याचे कारण नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवणे, भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, रसांचा त्याग करणे, हे सर्व परंपरेने सांगितलेले आहे. ऊनोदरीचा हिशेब तर किती नेमका. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवळांचा, स्त्रीचा अठ्ठावीस कवळांचा आणि त्यातून एक कवळ जरी कमी घेतला तरी ते तप. हे तप निर्जरेसाठी आहे, वजनासाठी नव्हे, हे खरे. परंतु शरीरास त्याचा लाभ होत असेल तर तो नाकारण्याचेही कारण नाही.

मग ही पोटे कोठून आली? उत्तर बरेचसे दुकानातच सापडते. सकाळी नवकारशीनंतर चहा, सोबत खारी किंवा टोस्ट. अकराच्या सुमारास दलाल किंवा विक्री प्रतिनिधी आला की पुन्हा चहा आणि बिस्किटे. नको म्हणणे अशिष्टपणाचे. दुपारचे जेवण घाईचे, कारण गिऱ्हाईक थांबलेले. चौविहार पाळणाऱ्याची खरी अडचण संध्याकाळी होते. दुकान आठ-नऊपर्यंत उघडे आणि सूर्यास्त साडेसहाला. घरी जाऊन परत येणे शक्य नाही. मग जे पटकन खाता येईल ते खाल्ले जाते: फरसाण, शेव, पाकिटातील खाखरा, फळाचा म्हणून मिळणारा डबाबंद रस. व्रत पाळले जाते आणि आहार बिघडतो. या वेळेसाठी घरून आलेला एक छोटा डबा, त्यात भाकरी, मुगाची उसळ आणि एखादे फळ, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. डबा करणाऱ्या हातांची गोष्ट पुढे येईल.

पाकिटावर ‘जैन’ असे छापलेले असते, त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यात कांदा, लसूण, बटाटा इत्यादी वर्ज्य पदार्थ नाहीत. मैदा आहे की नाही, पामतेल किती, साखर किती, याविषयी तो शब्द काही सांगत नाही. हिरव्या ठिपक्याचेही तेच. ज्या व्यापाऱ्याला डाळीच्या एका मुठीवरून तिची प्रत कळते, तो आपल्या मुलासाठी पाकीट घेताना मागची बारीक अक्षरे वाचीत नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे पहिले तेच सर्वांत जास्त. ‘मल्टिग्रेन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल, तर पुढील पाच धान्ये शोभेची आहेत असे समजावे. यादीत घरात कधीही न आढळणारी नावे आणि क्रमांक दिसू लागले की तो पदार्थ स्वयंपाकघरातून आलेला नाही, कारखान्यातून आला आहे. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली अन्नाचे वर्गीकरण प्रक्रियेच्या प्रमाणावर करावे असे सुचविले आणि २०१४ साली त्या देशाच्या आहार मार्गदर्शिकेत तीच दृष्टी स्वीकारली गेली. तिचा गाभा हाच आहे.

दुसऱ्या बाजूची चूकही सांगावयास हवी. आहारतज्ज्ञ मोड आलेली कडधान्ये सांगतात; अनेक जैन घरांत मोड आलेले धान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य असते आणि मग ‘आमच्याकडे ते चालत नाही’ म्हणून सगळाच सल्ला बाजूला पडतो. त्याची गरज नाही. तंतू सालीत असतात, मोडात नव्हे. सकाळी भिजवून दुपारी शिजविलेले अख्खे मूग तेच काम करतात. ताकाची कढी करून घेतली की द्विदळाचाही प्रश्न उरत नाही. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात तेव्हा तर कडधान्य सालीसकट खाण्याचे महत्त्व वाढते. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत पापड, वड्या आणि तळणाचे प्रमाण वाढलेले दिसते. आयंबिलाच्या ताटात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि तळलेले या सहा विगयी नसतात. वजन उतरविण्याच्या दृष्टीने याहून नेटके ताट शोधूनही मिळणार नाही. अलीकडे काही ठिकाणी आयंबिलाच्या पंगतीत वीस-वीस पदार्थ दिसतात, तो भाग वेगळा. आणि पारण्याच्या दिवशी मिठाईची ताटे येतात, तेव्हा आठवड्याची कमाई एका सकाळी उधळली जाते.

नैसर्गिक म्हणजे अमर्याद, असाही एक गैरसमज रुजला आहे. गूळ साखरेपेक्षा बरा असेल, पण तो उसाच्या रसातून चोथा काढूनच झालेला असतो. अख्खे अन्न ऊस आहे, गूळ नव्हे. बदाम-काजू अख्खे असतात खरे, पण लग्नसराईच्या दिवसांत येता-जाता मूठभर तोंडात टाकण्याची सवय कमरेवर दिसतेच. तुपाचेही तसेच. साधी चपाती सोडून बाजारचा ‘डाएट’ खाखरा आणि त्यावर तूप, हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही. घरी गव्हाच्या आट्याचा, तव्यावर दाबून भाजलेला खाखरा मात्र उत्तम.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आहार एकदम पालटू नये. मैदा-साखर बंद झाली आणि औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते; उपवासात तर विशेष. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्ये व फळे किती घ्यावीत हे वैद्यांनाच विचारावे. आणि ज्याने वर्षानुवर्षे मऊ अन्न खाल्ले आहे त्याने पहिल्याच दिवशी ताटभर उसळ घेतल्यास पोट फुगणारच. आठवड्या-आठवड्याने वाढवावे, पाणीही वाढवावे.

खर्चाचा प्रश्न निघतोच. हॉल यांच्या प्रयोगात साध्या अन्नाचा खर्च जास्त आला होता. दररोज २००० उष्मांकांच्या हिशेबाने आठवड्याला कारखानी अन्नास १०६ डॉलर, साध्यास १५१. आपल्याकडे चित्र उलट आहे. दहा रुपयांची पंचवीस ग्रॅमची कुरकुरीत पुडी म्हणजे किलोला चारशे रुपये. या भावाने ज्वारी किंवा मूग कोणी विकू लागला तर बाजारात हसे होईल. मात्र आपल्याकडे दुसरा एक खर्च आहे, तो रुपयांत लिहिला जात नाही. धान्य निवडणे, गिरणीत पाठविणे, कडधान्य वेळेवर भिजविणे, दोन वेळा ताजी भाकरी थापणे, हे सर्व घरातील स्त्रीच्या वेळेतून जाते. ती आज अनेक घरांत दुकानाचा जीएसटीही पाहते. साधे अन्न खाण्याचा निर्णय जेवणाऱ्याने घ्यावा आणि त्याची वसुली करणारीकडून व्हावी, हे न्याय्य नव्हे. गिरणीची फेरी मुलाकडे, निवडणे संध्याकाळी सर्वांकडे, भाजी चिरणे घरातील पुरुषाकडे, अशी वाटणी झाली तरच हा पालट टिकतो. एरवी महिन्याभरात पाकिटे परत येतात, आणि त्यास ती स्त्री जबाबदार नसते.

राहता राहिले दुकान. किराणा व्यापाऱ्याने घरी मैदा बंद करावा आणि गल्ल्याशेजारी तीच बिस्किटे रचावीत, यातील विसंगती अनेकांना मनातून टोचते. तिचे सोपे उत्तर नाही. बिस्किटांवर योजना असते, फळीची सजावट कंपनी करून देते, पोरे तेच मागतात. अख्ख्या कडधान्यात नफा थोडा आणि पावसाळ्यात किडीची धास्ती. ती पाकिटे ठेवलीच नाहीत तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल आणि जाताना आपली साखर-डाळही तिकडूनच घेईल. दुकान मोडून कोणाचे आरोग्य सुधारत नाही. तरीही नजरेच्या उंचीवरील फळी कोणाला द्यावयाची, गल्ल्याशेजारच्या बरणीत चॉकलेटच्या वड्या ठेवावयाच्या की चिक्की आणि भाजके फुटाणे, नवीन ज्वारी आल्याची पाटी बाहेर लावावयाची की नाही, एवढे मालकाच्या हातात असतेच.

त्याआधी एक लहानसे काम करून पाहण्यासारखे आहे. शाळेतून आलेला मुलगा आपल्याच फळीवरून पुडी काढतो. घरी जाताना मालक दोन पाकिटे पिशवीत टाकतो. पाहुणे आले की आणखी चार जातात. या मालाची नोंद विक्रीत होत नाही, उधारीत होत नाही, नासाडीतही होत नाही. एका महिन्यापुरती त्याची वेगळी वही ठेवावी. तारीख, वस्तू, वजन, छापील किंमत. शेजारी प्रत्येक रविवारी घरातील माणसांच्या वजनाचा एक रकाना काढावा. पोती तोलण्याचा काटा दुकानात आहेच.